गरोदरपणातलं ताट: किती खाता यापेक्षा काय काय खाता ते मोजा

पहिल्यांदा दिवस गेले की सल्ल्यांना तोटा नसतो. आई दूध प्यायला लावते, सासूबाई म्हणतात दोन जिवांचं खा, शेजारच्या काकू पपईला हात लावू देत नाहीत, आणि मोबाइलवर कुणीतरी ॲव्होकाडो खायला सांगतं. माझी दोन बाळंतपणं झाली, पहिलं माहेरी सातारा जिल्ह्यात, दुसरं पुण्यात. कुठली गोळी कशासोबत घ्यायची आणि कशासोबत नाही, ही साधी गोष्टसुद्धा मला कुणी एका जागी बसून सांगितली नव्हती. ती आणि तिच्या आजूबाजूचं सगळं इथे क्रमाने लिहिते आहे.

आधी मुख्य मुद्दा. आपल्याकडे कितीतरी बायका पोटभर जेवतात, तरी त्यांचं रक्त कमी भरतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. भूक भागते भात-पोळी-बटाट्याने, पण लोह, कॅल्शियम, बी-१२ यांची भूक त्याने भागत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने नव्वदच्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांच्या आहाराचा अभ्यास केला. बाळाच्या जन्मवेळच्या आकाराचा संबंध त्यांना एकूण उष्मांकाशी किंवा प्रथिनांशी दिसला नाही. तो दिसला पालेभाज्या, फळं आणि दूध आईच्या खाण्यात किती वेळा येतं याच्याशी. म्हणून या लेखात मी भाकऱ्या मोजायला सांगणार नाही, ताटातले प्रकार मोजायला सांगणार आहे.

आधी हाताशी काय ठेवायचं

- माता व बाल संरक्षण कार्ड. उपकेंद्रात किंवा अंगणवाडीत नोंदणी केली की मिळतं. खासगी डॉक्टरांकडे जात असलात तरी हे कार्ड काढून ठेवा.
- आधार कार्ड आणि आधारशी जोडलेल्या, तुमच्या स्वतःच्या नावावरच्या बँक खात्याचं पासबुक.
- रक्ताचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेली एक फाइल. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर यांचे आकडे लगेच सापडले पाहिजेत.
- वजनकाटा. घरी नसेल तर चालेल, पण दर वेळी एकाच काट्यावर वजन करा.
- एक साधी वही, आयोडीनयुक्त मीठ आणि जमल्यास लोखंडी कढई.

मिठाबद्दल एक वाक्य इथेच. हल्ली बऱ्याच घरांत 'नैसर्गिक' म्हणून सैंधव वापरतात. त्यात पुरेसं आयोडीन नसतं, आणि बाळाच्या मेंदूच्या वाढीला ते लागतंच. हे नऊ महिने आणि पुढे दूध पाजेपर्यंत पुडीवर 'आयोडीनयुक्त' लिहिलेलं साधं मीठच वापरा.

१. पाळी चुकली की लगेच नोंदणी आणि फॉलिक ॲसिड

बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. पुष्कळ जणींना तोवर दिवस गेल्याची खात्रीही झालेली नसते. म्हणून मूल हवं असं ठरवलंत की डॉक्टरांना विचारून तेव्हापासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड सुरू करा. ते राहून गेलं असेल तर कळल्या दिवसापासून घ्या. घरात आधी मणक्याचा दोष असलेलं मूल जन्मलं असेल, मधुमेह असेल किंवा फिट्सची गोळी चालू असेल तर हे पहिल्याच भेटीत सांगा, कारण तेव्हा डोस वेगळा असतो.

२. पहिले तीन महिने: जे पोटात टिकेल ते

या काळात जास्तीचं खाण्याची गरज जवळजवळ नसतेच. 'दोन जिवांचं खा' हे आत्ता तरी बाजूला ठेवा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत गरोदरपणासाठी दिवसाला जास्तीचे ३५० उष्मांक धरलेत. म्हणजे चौथ्या महिन्यानंतर एक ज्वारीची भाकरी, वाटीभर उसळ आणि थोडं दही वाढवलं की झालं.

मळमळ होत असेल तर उठल्या उठल्या, चहाच्या आधी, कोरडं काहीतरी खा: चुरमुरे, खाकरा, लाह्या. दोन-दोन तासांनी थोडं थोडं खा. पाणी जेवताना न पिता मधल्या वेळी घोट घोट प्या. फोडणीचा वास सोसत नसेल तर काही दिवस स्वयंपाक दुसऱ्या कुणीतरी करावा, यात लाड नाहीत. पाणीसुद्धा टिकत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, वजन उतरत असेल, तर 'सगळ्यांनाच होतं' असं म्हणत घरी थांबू नका, दवाखान्यात जा.

३. ताटातले गट मोजायला शिका

जागतिक अन्न व कृषी संघटनेची एक सोपी पद्धत आहे. खाण्याचे दहा गट करायचे आणि दिवसभरात त्यातले किमान पाच पोटात गेले का ते पाहायचं. ही पद्धत मुळात मोठ्या लोकसमूहांचा आहार तपासायला तयार केलेली आहे, त्यामुळे घरी ती परीक्षेसारखी घेऊ नका. पण आपल्या ताटात काय राहून जातंय हे तिच्याइतकं पटकन दुसऱ्या कशानेच कळत नाही.

दहा गट आपल्या भाषेत असे:

- धान्य आणि कंद: भाकरी, पोळी, भात, पोहे, बटाटा, साबुदाणा (हे सगळं मिळून एकच)
- डाळी-कडधान्यं
- दाणे आणि तेलबिया: शेंगदाणे, तीळ, कारळं, जवस
- दूध, दही, ताक, पनीर
- मटण, चिकन, मासे
- अंडी
- गडद हिरव्या पालेभाज्या
- केशरी-पिवळी फळं-भाज्या: गाजर, लाल भोपळा, पिका आंबा, पिकी पपई
- इतर भाज्या: वांगी, दोडका, गवार, कोबी, टोमॅटो
- इतर फळं: पेरू, केळं, चिकू, बोरं

आता एक नेहमीचा दिवस घ्या. सकाळी चहा-पोहे, दुपारी पोळी, बटाट्याची भाजी, वरण-भात, संध्याकाळी चहा-बिस्किट, रात्री मुगाची खिचडी. चार वेळा खाल्लं, पोट भरलं. गट किती? धान्य आणि डाळ, दोनच. पोहे, पोळी, बटाटा, भात, बिस्किट सगळं पहिल्याच गटात जातं. चहातलं चमचा-दोन चमचे दूध धरायचं नाही. पोह्यांवर भुरभुरलेली कोथिंबीरही धरायची नाही. निदान मूठभर पोटात गेलं तरच तो गट.

त्याच दिवसात थोडी अदलाबदल करा. पोह्यांत मूठभर दाणे घाला. बटाट्याऐवजी मेथी किंवा चाकवत करा. जेवणात वाटीभर दही घ्या, संध्याकाळी बिस्किटांच्या जागी पेरू आणि उकडलेलं अंडं, खिचडीत लाल भोपळ्याच्या फोडी. गट आठ झाले. खर्च फारसा वाढत नाही आणि वेगळं ताट करावं लागत नाही. एका दवाखान्यात मला छापील तक्ता दिला होता, त्यात ब्रोकोली आणि ओट्स होते. आमच्या बाजारात तेव्हा अंबाडी, शेपू, तांदुळजा आणि हरभऱ्याचा पाला ढिगाने येत होता, आणि त्यातलं एकही नाव त्या तक्त्यात नव्हतं. शेवग्याच्या पाल्याला तर पैसेही पडत नाहीत. १०० ग्रॅम पाल्यात ३०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. कोवळी पानं ओरबाडून, कांदा-लसणावर परतून, वरून दाण्याचं कूट घातलं की पाच मिनिटांत भाजी होते.

मोड आणण्याचीही सवय लावून घ्या. मटकी किंवा मूग सकाळी भिजवायचे, रात्री उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधून पातेल्यात झाकून ठेवायचे. उन्हाळ्यात सकाळपर्यंत मोड येतात, थंडीत आणखी एक दिवस लागतो. मोड आले की कडधान्यातलं लोह शरीराला जास्त सहज मिळतं. गरोदरपणात मात्र मोड कच्चे खायचे नाहीत, वाफवून किंवा उसळ करूनच.

आणि एक गोष्ट घरातल्या बाकीच्यांसाठी. ताटातले गट मोजून उपयोग नाही, जर ती सगळ्यांच्या शेवटी जेवत असेल. शेवटी बसणाऱ्या बाईच्या वाट्याला पातेल्यातला रस्सा येतो, उसळ आधीच संपलेली असते. अंडी चार असतील आणि माणसं पाच, तर कुणाच्या ताटात अंडं येत नाही ते सगळ्यांना ठाऊक आहे. नवऱ्याने, सासूबाईंनी तिचं ताट आधी वाढून बाजूला ठेवावं. या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा.

४. लोह आणि कॅल्शियम: घड्याळ लावून घ्या

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून सविस्तर.

गरोदर स्त्रीला दिवसाला २७ मिलिग्रॅम लोह लागतं. आपल्या रोजच्या जेवणातून तेवढं मिळणं कठीण असतं आणि वनस्पतींतलं लोह शरीरात शोषलंही कमी जातं. त्यामुळे गोळी लागतेच. सरकारी दवाखान्यातली लाल गोळी ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची असते. चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस. कॅल्शियमची ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, जेवणासोबत.

खरी खुबी अशी की कॅल्शियम लोहाला शोषू देत नाही. दोन्ही गोळ्या एकदम गिळल्या तर लोहाची गोळी बरीचशी वाया जाते. मला जमलेलं वेळापत्रक देते:

- सकाळी नाश्त्यासोबत: कॅल्शियम
- दुपारी जेवणानंतर तासाभराने: लोहाची गोळी, लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत
- रात्री जेवणासोबत: कॅल्शियम

मधलं अंतर किमान दोन तासांचं ठेवा. लोहाच्या गोळीच्या आगेमागे तासभर दूध, चहा, कॉफी नाही. जेवणावर लगेच चहा घेण्याची सवय तर मोडाच. पालेभाजीतून मिळालेलं लोह त्या कपात अडकून पडतं. उलट लिंबू, पेरू, आवळा, कच्चा टोमॅटो ताटात असला की तेच लोह जास्त शोषलं जातं. म्हणून बाजरीची भाकरी, मेथीची भाजी आणि बाजूला लिंबाची फोड, हे आपलं जुनं ताट शास्त्राच्याही बाजूने पक्कं आहे.

सापळे:

गोळीने शौचाला काळं होतं. घाबरू नका, ते न शोषलेलं लोह असतं. बद्धकोष्ठ झालं तर पाणी, भाज्या आणि चालणं वाढवा. मळमळलं तर गोळी रात्री झोपताना घ्या आणि त्या दिवशी कॅल्शियमच्या वेळा आधी सरकवा. काहीच सोसत नसेल तर डॉक्टर दुसरी गोळी देतात, पण आपल्या मनाने बंद करू नका.

बीट, डाळिंब आणि खजूर यांच्यावर विसंबू नका. १०० ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नसतं. त्याचा लाल रंग वेगळ्या कारणाने असतो. ही फळं-भाज्या चांगल्याच आहेत, फक्त गोळीच्या जागी नाहीत.

हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. तेव्हा डॉक्टर डोस वाढवतात, कधी शिरेतून लोह देतात. ७ च्या खाली गेलं तर रुग्णालयातच जायचं. जंताची गोळी चौथ्या महिन्यानंतर एकदा देतात, तीही विचारून घ्या. जंत असतील तर कितीही लोह घेतलं तरी आकडा हलत नाही.

५. प्रथिनं: वरण घट्ट करा

मधल्या तीन महिन्यांत रोज साधारण ९.५ ग्रॅम आणि शेवटच्या तीन महिन्यांत २२ ग्रॅम जास्तीची प्रथिनं लागतात. एका अंड्यात ६ ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत ७ ग्रॅम, पेलाभर दुधात ६ ग्रॅमच्या आसपास मिळतात. वाटीभर घट्ट वरणातही तेवढीच. घट्ट म्हणजे पळी उलटी केली तरी तिला थर चिकटून राहील इतकं. पातळ वरणात पाणीच जास्त असतं. पिठलं-भाकरी, हरभऱ्याची उसळ, दाण्याची आमटी, डाळ घातलेली पालेभाजी, हे सगळं चालतं.

महागड्या प्रोटीन पावडरीच्या डब्याची बहुतेकींना गरज नसते. घ्यायचाच असेल तर मागची पट्टी वाचा. साखर पहिल्या दोन-तीन नावांत असेल तर तेवढ्या पैशांत महिन्याची अंडी येतात.

६. शाकाहारी असाल तर बी-१२

बी-१२ फक्त प्राणिज अन्नात असतं. दूध-दही-ताक रोज नसेल तर ते जवळपास मिळतच नाही. केईएमच्या त्याच अभ्यासात बहुसंख्य आयांचं बी-१२ कमी निघालं होतं, आणि ज्यांचं फोलेट जास्त पण बी-१२ कमी होतं त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त दिसलं. म्हणून फॉलिक ॲसिड घेताय तर बी-१२ तपासून घ्या, आणि कमी असेल तर डॉक्टर सांगतील ती गोळी घ्या. हातापायांच्या बोटांना सतत मुंग्या येत असतील तर हे नक्की विचारा.

७. काय टाळायचं, आणि काय उगीच टाळलं जातं

पिकी पपई खा. कच्च्या पपईत चीक असतो, ती टाळा. अननसाच्या दोन-चार फोडींनी काही होत नाही.

मासे बंद करू नका. कोकणात आणि गोव्यात बांगडा, तारली, मांदेली ही छोटी मासळी स्वस्त असते आणि बाळाच्या मेंदूला लागणारे मेद तिच्यात भरपूर असतात. मोरी म्हणजे शार्क मात्र टाळा, मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. मोठी सुरमईही कधीतरीच. तिसऱ्या, कालवं पूर्ण शिजवूनच. रक्तदाब वाढला असेल तर सुकी मासळी आणि लोणचं-पापड कमी.

रक्त वाढावं म्हणून काही घरांत वारंवार काळीज खाऊ घालतात. त्यात अ जीवनसत्त्व इतकं जास्त असतं की ते बाळाला अपायकारक ठरू शकतं. काळीज नको, मटण चालेल.

कच्चं दूध, अर्धवट उकडलेलं अंडं, गाड्यावरची चटणी आणि कापून ठेवलेली फळं नकोत. चहा-कॉफी मिळून दिवसाला दोन कप पुरे. दारू आणि तंबाखू अजिबात नाही, मशेरीसुद्धा नाही. मशेरीला बऱ्याच जणी तंबाखू धरतच नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

केशराने बाळ गोरं होत नाही. नवव्या महिन्यात वाटीभर तूप प्यायल्याने बाळंतपण सोपं होत नाही.

८. उपास, ग्रहण आणि डोहाळे

निर्जळी उपास या काळात करू नका, हरतालिकेचाही नाही. सोमवार-चतुर्थी करायचीच असेल तर साबुदाण्यावर दिवस काढू नका, तो नुसता पिष्ट आहे. राजगिरा, शिंगाडा, दाणे, दही-ताक, रताळं, फळं घ्या आणि दर दोन-तीन तासांनी खा. ग्रहणाच्या वेळी उपाशी किंवा बिनपाण्याचं बसल्याने बाळाचं काहीच भलं होत नाही. चक्कर मात्र येते.

आंबटाचे डोहाळे नेहमीचेच. पण माती, पाटीवरची पेन्सिल, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटत असतील तर ते बहुतेकदा लोहाच्या कमतरतेचं लक्षण असतं. लाजेने लपवू नका, डॉक्टरांना सांगा.

९. वजन आणि साखर

आपल्याकडे डॉक्टर साधारण १० ते १२ किलो वाढ सांगतात. आधीच सडपातळ असाल तर जास्त, वजनदार असाल तर कमी. बाळ मोठं होऊन अडेल या भीतीने शेवटच्या महिन्यांत जेवण तोडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. तसं करू नका, बाळ कमी वजनाचं होण्याचा धोका त्याहून मोठा असतो.

साखरेची तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत होते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजून दोन तासांनी रक्त घेतात, उपाशी जायची गरज नसते. १४० किंवा त्याहून जास्त आलं तर आहार आणि औषध डॉक्टर ठरवतात. तेव्हा भात बंद आणि फळं बंद असला घरगुती फतवा काढू नका.

१०. हक्काचं आहे ते घ्या

अंगणवाडीतून गरोदर मातेला रोज सुमारे ६०० उष्मांक आणि १८-२० ग्रॅम प्रथिनांचा पूरक आहार ठरलेला आहे. घरी आणलं की तो घरभर वाटला जातो, तो तुमचाच ठेवा. आदिवासी भागात २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून एक वेळचं गरम जेवण मिळतं. पंतप्रधान मातृ वंदना योजनेत पात्र मातेला पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये हप्त्यांनी आणि दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये मिळतात. आधार आणि खातं जुळत नसेल तर पैसे अडकतात, म्हणून ते आधीच तपासा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते. अर्ज कसा भरायचा ते आशाताईंना विचारा.

११. बाळंतपणानंतर

डिंक, अळीव, मेथीचे लाडू आता खा. अळिवाचे लाडू गरोदरपणात खायचे नसतात, बाळंतिणीला द्यायचे असतात. दूध पाजताना भूक गरोदरपणापेक्षाही वाढते, तेव्हा 'बाळाला बाधेल' म्हणून पालेभाज्या, डाळी आणि फळं बंद करू देऊ नका. नुसता तूप-भात आणि मेतकूट यांवर चाळीस दिवस काढले तर दहातले आठ गट बंद होतात. लोहाची गोळी आणखी १८० दिवस आणि कॅल्शियम सहा महिने चालू ठेवायचं असतं, पण दवाखान्यातून घरी सोडताना ते सांगायचं पुष्कळदा राहून जातं. सुट्टीच्या कागदावर त्या दोन गोळ्या लिहिलेल्या आहेत का ते तिथेच पाहा, आणि नसतील तर निघण्याआधी लिहून घ्या.